तीन फेऱ्या, चार ठोके

त्या बाईंच्या सायकलचे डावे पायडल मी दीड महिन्यात दोनदा खोलले, आणि दोष पायडलमध्ये नव्हताच. जानेवारीतल्या एका सकाळी सिंहगडाच्या घाटात तो कुठे आहे हे मला कळले. ज्या साध्या मोजणीने ते कळले, ती मोजणी मला पहिल्याच दिवशी करता आली असती, ही गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून हे लिहीत आहे.

माझे सायकलदुरुस्तीचे दुकान कोथरूडमध्ये आहे. चाक बांधायला मी पेठेतल्या एका जुन्या दुकानात शिकलो. तेव्हा काळ्या उभ्या सायकली असत, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असत, आणि आमचे उस्ताद चाकाचा आउट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, डोळ्याने काढत व ताण कानाने पारखत. आज माझ्याकडे येणाऱ्या सायकलींत डिस्क ब्रेकच्या माउंटन बाइक बऱ्याच असतात, आणि तारांना मुले स्पोक म्हणतात. पण चाक अजूनही तारांच्या ताणावरच उभे असते.

या बाई बँकेत नोकरी करतात. वय पंचेचाळीसच्या आसपास. आठवड्यात एक-दोनदा पहाटे वेताळ टेकडी आणि रविवारी सिंहगड, असा त्यांचा नेम आहे. सायकल २९ इंची, पुढे ३२ दातांचे एकच चक्र, मागे ११ ते ४२ दातांच्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट. डिसेंबरच्या सुरुवातीला त्या आल्या आणि म्हणाल्या, ‘‘काका, घाटात चढताना डाव्या पायाखाली टक् टक् वाजतं. पायाला जाणवतं. कधीकधी उजव्यालाही वाजतं, पण बहुतेक वेळा डाव्यालाच.’’ मी कामाच्या चिठ्ठीवर लिहिले : डावे पायडल, आवाज. वाक्याचा दुसरा भाग मी लिहिला नाही. पायडल कधी पाय बदलत नाही, म्हणून मी तो बोलण्याच्या ओघात आलेला शब्द समजलो.

पायडलवर माझा हात चांगला आहे, आणि कदाचित त्यामुळेच मी तिथे अडकलो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे पुष्कळांना ठाऊक असते, पण का ते थोड्यांनाच सांगता येते. पाय दाबतो ती दिशा, पायडल ज्या दांड्यात बसते त्या क्रँकच्या भोकाच्या दृष्टीने सतत फिरत असते, आणि त्या फिरत्या दाबामुळे पायडलची दांडी आट्यांत किंचित घरंगळते. हे घरंगळणे बेअरिंगच्या घर्षणाच्या उलट दिशेने आणि त्याच्याहून जोरदार असते. दोन्ही बाजूंना सुलटे आटे दिले तर डावे पायडल चालवता चालवता सुटून येईल. विमानाच्या आधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी आपले पायडल सुटून येत नाही असे १९०० साली जाहीर केले होते, इतकी ही अडचण त्या काळी खरी होती. मी पायडल काढले, आटे साफ केले, ग्रीस लावले, टॉर्क पान्याने ४० न्यूटन-मीटरवर आवळले आणि गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. आवाज नव्हता. गल्ली सपाट आहे, हे तेव्हा माझ्या मनात आले नाही.

पुढच्याच रविवारी घाटात आवाज परत आला. बाई मला त्रास नको म्हणून दुसऱ्या एका दुकानात गेल्या आणि तिथे त्यांना नवी पायडले विकण्यात आली. नवी पायडले बसवताना कोणीतरी उजवे पायडल डाव्या क्रँकमध्ये घातले. दांडी पोलादाची, क्रँक अॅल्युमिनियमचा. लांब दांड्याच्या पान्याने जोर लावला की पोलाद आपली वाट कापत आत जाते. दांडीवर एल आणि आर कोरलेले असते, ते वाचायला दोन सेकंद लागतात. पायडल पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरले पाहिजे आणि पाना त्यानंतर हातात घ्यायचा, एवढा एक नियम पाळणाऱ्याच्या हातून हे होऊ शकत नाही. आवाज आला की सुटा भाग बदलायचा, ही सवय दुकानांत वाढत चालली आहे आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक भरते.

बाई खराब झालेला क्रँक घेऊन माझ्याकडे आल्या. मी त्या भोकाला मोठे आटे पाडले, आत नळीसारखा पोलादी बुश बसवला आणि त्यात मूळ मापाचे, इंचाला २० असे उलटे आटे मिळाले. काम नीट झाले. ते झाल्यावर मी बाईंना सांगितले की आता आवाज येणार नाही.

तो आला. तेव्हा मात्र मी म्हणालो की पुढच्या वेळी मी तुमच्या मागून येतो.

गोळेवाडीच्या नाक्यापासून गडावरच्या वाहनतळापर्यंतचा घाट सुमारे ९ किलोमीटरचा आहे. पहिला किलोमीटर काहीच वाजले नाही. चढ अंगावर यायला लागला तशी त्यांनी चेन मागच्या मोठ्या चक्रावर घेतली आणि ठोके सुरू झाले : डावा पाय खाली, टक्, डावा पाय खाली, टक्. मागून ऐकताना मलाही शपथेवर पायडलच वाटले असते. एका वळणावर त्या पाणी प्यायला थांबल्या, परत निघाल्या आणि दहा-बारा फेऱ्यांनंतर मागे न वळता ओरडल्या, ‘‘काका, बघा, आता उजव्याला!’’

खरोखर उजव्याला होते. मी त्यांच्या कॅसेटकडे पाहिले. चेन ३२ दातांच्या चक्रावर होती, आणि पुढेही ३२. म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचे चाक बरोबर एक फेरी घेत होते. चाकाच्या एखाद्या ठिकाणी काही वाजत असेल, तर ते दर फेरीला पायाच्या त्याच स्थितीत वाजणार आणि पायडलमधून आल्यासारखे भासणार. अॅल्युमिनियमची चौकट आवाज कुठून कुठेही नेते, त्यामुळे तो तळव्याला जाणवतो यातही नवल नाही. मात्र पायडल मारणे थांबवून चाक थोडे जरी सुटे फिरले, की ही जोडी बदलते आणि ठोका दुसऱ्या पायाखाली येऊ शकतो. बाईंनी हेच मला डिसेंबरमध्ये सांगितले होते.

मी त्यांना म्हणालो, ‘‘मॅडम, जमेल तेवढा वेळ चेन २४च्या चक्रावर घ्या.’’ चढावर ते जड जाते, तरी त्यांनी घेतले. आता पायडलच्या तीन फेऱ्यांत चाकाच्या चार फेऱ्या होणार होत्या. मी मोजले : तीन फेऱ्या, चार ठोके. परत मोजले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः मोठ्याने मोजले आणि तेच उत्तर आले. आवाज मागच्या चाकाचा होता. बसून चढताना सगळे वजन मागे येते आणि चेनची ओढही त्याच तारांतून रिमपर्यंत जाते, म्हणून तो चढावरच वाजत होता. उतारावर चाक सुटे फिरू देणाऱ्या फ्रीहबच्या किरकिरीत आणि वाऱ्यात तो ऐकूच येत नसणार.

मी त्यांना त्या सायकलवर बसून घाट उतरू दिला नाही. ‘‘अहो, इतक्या वेळा उतरलेय मी यावरूनच,’’ त्या म्हणाल्या, आणि त्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. आम्ही सायकल प्रवासी जीपच्या टपावर बांधून गोळेवाडीला आणली.

दुकानात टायर काढला, आतले भोके बुजवणारे सीलंट पुसले, ट्यूबलेस टायरची हवा अडवणारी रिमवरची टेप सोलली आणि रिम ब्रशने धुतली. उजव्या बाजूच्या एका भोकाभोवती केसाएवढी चीर होती, सुमारे १२ मिलिमीटर लांब, आणि पुढच्या उजव्या भोकाशी दुसरी सुरू झाली होती. वरून ती चिखलाखाली होती आणि आतून टेप शाबूत असल्यामुळे हवा जात नव्हती. त्या तारेवर ताणमापक लावला तर ती आजूबाजूच्या तारांच्या निम्म्या ताणावर होती. तार रिममध्ये धरून ठेवणारे निपल चिरलेल्या धातूत हलत होते आणि भोक जमिनीपाशी आले की वाजत होते.

चीर का पडली तेही टेपखाली लिहिलेले होते. इतर तारांची टोके निपलच्या खाचेच्या पातळीत होती, या दोन तारांची टोके मात्र दीड-दोन मिलिमीटर वर आली होती. विचारल्यावर बाईंना आठवले की पावसाळ्याच्या आधी वेताळ टेकडीवर एका दगडावर चाक जोरात आदळले होते आणि वाटेतल्या एका दुकानात आउट काढून घेतला होता. रिम तिथे वाकली होती आणि ती फक्त तारा आवळून सरळ ओढली गेली. कॅसेटला जागा द्यावी लागत असल्याने मागच्या चाकाच्या उजव्या तारा जास्त उभ्या असतात आणि मुळातच डाव्यांपेक्षा पुष्कळ अधिक ताण घेतात. त्यावर आणखी ओढ दिली तर रिम भोकाशी फाटते. चाक दिसायला सरळ झाले होते आणि त्या कारागिराने तेवढेच पाहिले होते.

नवे चाक मी दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून बांधले. चाकाच्या मधला हब जुनाच ठेवला, त्याचे बेअरिंग चांगले होते. नवी ६२२ मिलिमीटरची रिम, मध्ये १.८ मिलिमीटर जाडीच्या ३२ तारा, पितळी निपल, प्रत्येक तार तीन तारा ओलांडणारी. आटे तेलात बुडवले. ताण पाव-पाव फेरीने वाढवला आणि प्रत्येक टप्प्यावर समांतर तारांच्या जोड्या मुठीत दाबत गेलो. पीळ पडलेली तार तेव्हा टण् आवाज करून सरळ होते, आणि तो आवाज बाकावर आला नाही तर रस्त्यावर येतो. शेवटी उजव्या तारा ११५ किलोच्या आसपास आणि डाव्या ७०च्या जवळ आल्या, एकाच बाजूच्या तारांतला फरक पाच टक्क्यांच्या आत राहिला. साडेतीन तास लागले. मजुरी मी घेतली नाही. बाईंनी रिमचे आणि तारांचे पैसे टेबलावर ठेवले आणि बुशचेही ठेवले. पुढच्या रविवारी त्यांनी गडावरून फोन करून आवाज नसल्याचे सांगितले.

जुनी रिम मी त्या चिरेपाशी करवतीने कापून पाहिली. ताजा तुटलेला अॅल्युमिनियम चकाकतो. या चिरेच्या कडांचा टोकाकडचा दोन-तीन मिलिमीटरचाच भाग चकाकत होता. उरलेला सगळा भाग काळपट आणि मळकट होता, आत वाळलेला चिखल बसला होता. पावसाळा तर बाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्याच्या किती तरी आधी संपला होता. म्हणजे मी पायडलला ग्रीस लावून सायकल त्यांच्या हाती दिली, त्या दिवशी ही चीर बहुतेक सगळी तिथेच होती, माझ्या हातापासून दोन फुटांवर.