श्टुटगार्ट ते विलेपार्ले: परत आल्याची तारीख नेमकी कोणती?

परदेशातून कायमचे परत यायचे ठरले की नातेवाइकांत आणि मित्रमंडळींत चर्चा होते ती फक्त कारणांची. आईवडिलांचे वय, मुलांची भाषा, नोकरीतील संधी, तिकडचा लांबलचक हिवाळा हे विषय आमच्याकडेही वर्षानुवर्षे चघळून झाले होते आणि त्यांत नवे काही नसल्यामुळे मी ते येथे मांडत नाही. आम्ही 2013 मध्ये श्टुटगार्टला गेलो आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये, तिथेच जन्मलेल्या मुलीसह, विलेपार्ल्याच्या घरी सासूबाईंकडे परतलो. मधल्या काही महिन्यांच्या कागदोपत्री प्रवासात एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली. तुम्ही परत आलात ही घटना एकच असली, तरी तिची तारीख प्रत्येक कार्यालय आपापल्या हिशेबाने लावते. कस्टम खाते पासपोर्टावरील शिक्के आणि सामान रवाना झाल्याचा दिवस पाहते, बँकेला तुमचा हेतू विचारावा लागतो, आयकर खाते दिवसांची बेरीज मांडते आणि शाळेचे घड्याळ जूनला सुरू होते. हे सगळे हिशेब एकमेकांत बसवणे, हेच परतण्याचे खरे काम.

सुरुवात जर्मनीतील घरापासून करावी लागली. तिथे भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हाती पडली, तरच तो महिना मोजला जातो. मुलीची चौथीची शाळा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात संपत होती, म्हणजे घर जुलैअखेर सोडायचे, म्हणजे नोटीस मेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच द्यायची. तिथे भाड्याच्या घरात स्वयंपाकघर बहुधा रिकामेच मिळते. ओटा, कपाटे, शेगडी, सारे भाडेकरूने बसवायचे आणि जाताना काढून न्यायचे किंवा पुढच्या भाडेकरूला विकायचे. आम्ही विकले. त्यानंतरचा महत्त्वाचा कागद म्हणजे ॲबमेल्डुंग, अर्थात आपण हे शहर सोडत असल्याची नगर कार्यालयातील नोंद. ती घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी करता येते, त्याआधी नाही. आणि तिचे प्रमाणपत्र हाती असल्याशिवाय इंटरनेटचा करार, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी, विमा यांपैकी काहीही सुरळीत बंद होत नाही. त्यामुळे सामान बांधण्याच्या धामधुमीतच ही धावपळ येते आणि ती टाळण्याचा उपाय नाही.

जे कागद फक्त तिथेच मिळतात, त्यांची यादी मात्र आधी केलेली बरी. शाळेचे प्रगतिपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाची पिवळी पुस्तिका, दंतवैद्याकडील क्ष-किरण चित्रे, पेन्शन विम्याचा आजवरचा उतारा, नोकरीचे प्रशस्तिपत्र. पेन्शनचा उतारा विशेष जपावा, कारण पाच वर्षांहून अधिक वर्गणी भरलेली असली की पेन्शनचा हक्क टिकतो आणि आमच्या पिढीला ती वयाच्या 67 व्या वर्षी सुरू होते. तोवर तिथल्या कार्यालयाला आपला मुंबईचा पत्ता कळलेला असावा, एवढीच अपेक्षा.

या कागदांबाबत एक गुंतागुंत बऱ्याच जणांना ठाऊक नसते. एका देशाचा सरकारी कागद एकाच प्रमाणित शिक्क्यावर दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्याच्या पद्धतीला अपोस्टिल म्हणतात. भारत आणि जर्मनी हे दोन्ही देश हेगच्या अपोस्टिल कराराचे सदस्य आहेत, पण भारताच्या प्रवेशावर जर्मनीने आक्षेप नोंदवलेला असल्यामुळे या दोन देशांमध्ये अपोस्टिल चालत नाही. जर्मन कागदावर आधी तिथल्या प्रादेशिक सरकारी कार्यालयाचा आणि मग भारतीय वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो. श्टुटगार्ट ज्यात येते ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य म्युनिक येथील भारतीय वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येते, तेव्हा ते काम तिथे. अमेरिकेतून परतलेल्या मैत्रिणीने "अपोस्टिल करून टाक, काम झालं" असा सल्ला दिला होता. तिच्यासाठी तो अगदी बरोबर होता, आमच्यासाठी निरुपयोगी. मुलीच्या जन्माची नोंद आम्ही ती वर्षाची होण्याआधीच दूतावासात केलेली होती आणि तिचा पासपोर्ट भारतीयच होता, त्यामुळे परदेशी नागरिकत्व असलेल्या मुलांसाठी करावी लागणारी ओसीआय कार्डाची खटपट आम्हाला नव्हती. जन्मदाखल्याची बहुभाषिक प्रत जर्मनीत सहज मिळते. त्यावर इंग्रजी मजकूर छापलेला असल्याने भाषांतराचा खर्च वाचला.

आता शाळेबद्दल. मुंबईत वर्ष जूनमध्ये सुरू झालेले आणि आम्ही ऑगस्टमध्ये हजर. पार्ल्यातील ज्या शाळेत अखेर प्रवेश मिळाला, तेथील कार्यालयातील कारकुनांनी प्रगतिपत्रक उघडले आणि चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिले.

"मॅडम, गणितात एक? आणि विज्ञानात पण एकच?"

जर्मनीत 1 ही सर्वांत वरची श्रेणी आणि 6 ही सर्वांत खालची. हे मी सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुम्ही सांगताय ते खरंच असेल हो, पण मला हे लेखी लागेल." ते लेखी माझ्याजवळ होते, कारण मुलीच्या मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेच्या शिक्क्यासह अर्ध्या पानाचे इंग्रजी पत्र देऊन त्यात श्रेणींचा अर्थ आणि चौथी पूर्ण झाल्याचा उल्लेख केला होता. शिक्के मारलेल्या सगळ्या कागदांपेक्षा या अर्ध्या पानानेच जास्त काम केले. विद्यार्थ्याच्या ऑनलाइन नोंदीसाठी शाळेने आधार क्रमांक मागितला. वैध भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीला आता 182 दिवसांची वाट न पाहता आधारसाठी नोंदणी करता येते, म्हणून ते काम आम्ही आल्याआल्या उरकले होते.

मराठी हा विषय राज्यात 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीचा आहे आणि तो अडेल असे सर्वांना वाटत होते. घरी मराठीच बोलत असल्यामुळे तो फारसा अडला नाही. अडले ते गणित, आणि तेही आकलनात नव्हे, लिहिण्यात. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजार दाखवायला टिंब. मुलीने बाराशे पन्नास हा आकडा 1.250 असा लिहिला आणि बाईंनी तो सव्वा समजून उत्तर चुकीचे ठरवले. शिवाय तिथल्या पद्धतीने तिच्या 1 ला लांब शेंडी आणि 7 च्या पोटात आडवी रेघ, त्यामुळे इथल्या डोळ्यांना तिचा 1 हा 7 वाटे. त्यात लाखाचा स्वल्पविराम दोन-दोन आकड्यांनी. सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी रोज संध्याकाळी चौकटीच्या वहीत तिच्याकडून आकडे घोटून घेतले आणि दिवाळीपर्यंत हा प्रश्न मिटला.

सामानाचे प्रकरण सर्वांत लांबले. ज्याला कस्टमच्या भाषेत निवासांतरण म्हणतात, त्याची सवलत आम्ही आलो तेव्हा 2016 च्या बॅगेज नियमांनुसार मिळत होती. परदेशात किमान दोन वर्षे राहिलेले असावे, त्या दोन वर्षांतील भारतभेटींची बेरीज सहा महिन्यांहून अधिक नसावी, आणि मग वापरलेल्या घरगुती वस्तू पाच लाख रुपये मूल्यापर्यंत शुल्काविना आणता येत. कपडे धुण्याचे यंत्र, लॅपटॉप, तीनशे लिटरपर्यंतचा फ्रीज यांसारख्या वस्तूंचा प्रत्येकी एकच नग. भांडी धुण्याचे यंत्र आणि मोठा फ्रीज वेगळ्या यादीत, त्यांवर शुल्क. सपाट पडद्याच्या टीव्हीवरही शुल्क. आम्ही टीव्ही आणि भांड्यांचे यंत्र तिकडेच विकले, कपड्यांचे यंत्र आणले. जर्मनीतून येणाऱ्यांना एक सोय आहे, ती म्हणजे तिथेही वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झच असल्यामुळे उपकरणांना ट्रान्सफॉर्मर लागत नाही. दागिन्यांची मर्यादा मात्र त्या नियमांत विचित्रच होती: वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या स्त्रीला चाळीस ग्रॅम, पण मूल्य एक लाखापर्यंत. 2024 मधील सोन्याच्या भावाने एक लाखात चाळीस ग्रॅम कुठून येणार होते, हे नियम करणाऱ्यांनाच ठाऊक.

सोबत न आणलेले सामान आपल्या आगमनानंतर एक महिन्याच्या आत परदेशातून रवाना झालेले असावे लागे, आणि आधी यायचे तर आगमनापूर्वी फार तर दोन महिने ते बंदरात उतरलेले चाले. आमचे सामान सामायिक कंटेनरमध्ये होते, म्हणजे इतरांचे सामान येऊन कंटेनर भरेपर्यंत ते हॅम्बुर्गला थांबणार. म्हणून रवानगीची लेखी तारीख मी वाहतूकदाराकडून आधीच घेतली. लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे त्या वर्षी बहुतेक जहाजे सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालून येत होती, त्यामुळे ऑगस्टमध्ये निघालेले सामान न्हावा शेव्याला पोहोचले ते ऑक्टोबरात. पोहोचायला झालेला हा उशीर नियमाच्या आड येत नाही, कारण नियम रवानगीची तारीख पाहतो. पण हे दाखवायला कागद जवळ असावा लागतो.

तपासणीला स्वतः जावे लागते, मूळ पासपोर्ट घेऊन. पार्ल्याहून शिवडीपर्यंत आणि पुढे अटल सेतूवरून गेलो. जानेवारी 2024 मध्ये तो खुला झाल्यामुळे वाशीचा फेरा वाचला, अडीचशे रुपये टोल गेला. गोदामात आमचे खोके एका कोपऱ्यात रचलेले. आमच्या क्लिअरिंग एजंटाने बजावून ठेवले होते, "ताई, यादीत खोक्याचा नंबर आणि आतल्या वस्तू जुळल्या पाहिजेत, बाकी काही बोलू नका." अधिकाऱ्यांनी यादीवर बोट फिरवून स्वयंपाकघराचा एक खोका उघडायला लावला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पहिलीच वस्तू निघाली ती पुरणयंत्र, 2013 मध्ये दादरला घेऊन मीच बॅगेत भरून नेलेले, आणि यादीत त्याची किंमत पाच युरो लिहिलेली. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, खाली छापलेले इथल्या कारखान्याचे नाव वाचले, आणि पुढचा खोका न उघडता सही केली. गोदामभाडे मात्र दिवसागणिक वाढत असते आणि एजंटाच्या पहिल्या अंदाजात ते नसते, हे धरून चालावे.

पैशांबाबत सर्वाधिक गैरसमज बँकेतच आढळले. आमच्या बँकेच्या शाखेत एनआरई खात्याविषयी, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयांतील खात्याविषयी, एक तरुण कर्मचारी ठामपणे सांगत होता, "सर, सहा महिने पूर्ण होऊ द्या, मग एनआरई खाते बदलू." सहा महिन्यांचा हिशेब आयकराचा. परकीय चलनाच्या कायद्यानुसार, अर्थात फेमानुसार, अनिश्चित काळासाठी राहण्याच्या हेतूने माणूस परतला की तो त्याच दिवसापासून निवासी आणि त्याने खाती निवासी करून घेणे अपेक्षित. एनआरई ठेवींवरील व्याजाची करमाफीही याच फेमाच्या निवासाशी बांधलेली आहे, म्हणजे ती ऑगस्टपासूनच संपली. एफसीएनआर, म्हणजे अनिवासी भारतीयांची परकीय चलनातील ठेव मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू ठेवता येते आणि आणलेले युरो ठेवायला आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीचे परकीय चलनातील खाते काढता येते. अनिवासी असताना परदेशात मिळवलेली मालमत्ता तिथेच ठेवायलाही फेमात परवानगी आहे.

आयकराचा हिशेब याहून निराळा. आर्थिक वर्षात 182 दिवस भरल्यामुळे आम्ही निवासी झालो, पण आधीच्या दहा वर्षांपैकी किमान नऊ वर्षे अनिवासी असल्याने सामान्य निवासी झालो नाही. या मधल्या दर्जात परदेशातील उत्पन्नावर साधारणपणे भारतात कर लागत नाही आणि आरएफसी ठेवीचे व्याजही करमुक्त राहते. म्हणजे एकाच ऑगस्टमध्ये आम्ही एका कायद्याने पूर्ण निवासी होतो आणि दुसऱ्या कायद्याने अर्धे. जुने पासपोर्ट या कामासाठी जपून ठेवावेत. आधीच्या वर्षांतील भारतातील दिवस त्यांवरील शिक्क्यांवरूनच मोजावे लागतात.

आरोग्य विम्याविषयी थोडक्यात सांगते. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, 2024 पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, आणि तो पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजला जातो. म्हणून आम्ही येण्याच्या वर्षभर आधीच भारतीय पॉलिसी घेऊन ठेवली होती. मतदार यादीत सहा क्रमांकाचा अर्ज भरून नाव घातले आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेसाठी मतदान केले.

जर्मनीतील बँक खाते अजून बंद केलेले नाही. घराच्या अनामत रकमेचा बराचसा भाग घरमालकाने परत केला, पण पाणी आणि हीटिंगच्या वार्षिक हिशेबासाठी काही रक्कम तो राखून ठेवू शकतो, आणि तो हिशेब द्यायला त्याला हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात. ती रक्कम आणि तिथल्या शेवटच्या वर्षाचा कर परतावा जमा झाला की खाते बंद करण्याचा अर्ज पाठवायचा आहे. त्या अर्जासोबत ॲबमेल्डुंगची प्रत मागितली जाते, म्हणून तिच्या आणखी दोन प्रती काढून ठेवल्या आहेत.