शूटआउट वही, नोंद १७: मी पडतो तिथेच का राहतो

मंडळी, नोंद १६ मध्ये मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की गोलात माझ्या डावीकडची गळती बंद झाली. ज्यांनी तेव्हा पाठ थोपटली त्यांनी ती थाप परत घ्यावी.

शनिवारी आमच्या क्लबच्या पाचव्या हॉकी संघाचा चषकाचा सामना होता, गोलात अर्थातच मी. वेळ संपली तेव्हा २-२, मग शूटआउट (तेवीस मीटरच्या रेषेवरून एकटा खेळाडू, समोर एकटा कीपर, आठ सेकंद), आणि आम्ही १-३ नं हरून घरी. समोरच्या चौघांपैकी तिघांनी मला एकाच पद्धतीनं मामा बनवलं. डीच्या (गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकापर्यंत सरळ धाव, चेंडू स्वतःच्या उजवीकडे ओढल्याची हूल, त्या हुलीवर मी माझ्या डावीकडे आडवा. मग त्यांनी निवांतपणे चेंडू रिव्हर्सवर, म्हणजे उलट्या स्टिकवर, घ्यायचा आणि रिकाम्या गोलात ढकलायचा. दुसऱ्या वेळी तर मी पडताना त्याच्या पायात गेलो. पंचांच्या मते मुद्दाम नव्हतं, म्हणून पेनल्टी स्ट्रोक वाचला. पण शूटआउट पुन्हा घ्यायला लावला आणि पठ्ठ्यानं दुसऱ्यांदाही तेच केलं. चौथ्याचा फटका बाहेर गेला, त्यात माझं कर्तृत्व शून्य. आमच्या संघातले सगळे सभ्य लोक आहेत, कुणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

रविवारी पोहे खाता खाता लॅपटॉपवर डावीकडे माझी क्लिप आणि उजवीकडे ब्रिटनची गोलकीपर मॅडी हिंच हिची रिओ ऑलिंपिकची क्लिप लावून बसलो होतो. जुन्या वाचकांना हे व्यसन ठाऊक आहे. १९ ऑगस्ट २०१६, फायनल ३-३, शूटआउटमध्ये चार डच खेळाडू आल्या आणि चारही जणी हात हलवत परत गेल्या. ग्रेट ब्रिटन २-०. टोकियोत स्पेनविरुद्धच्या क्वार्टर फायनलमध्येही पुन्हा तेच: २-२ आणि मग शूटआउट २-०. त्याआधी २०१५ ची युरो फायनल लंडनमध्ये, तीही डचांविरुद्ध, तीही शूटआउटवर. दोन वर्षं मी या क्लिपांची पारायणं करतोय. ती कधी लाइन सोडते, पावलं किती टाकते, कंबर किती खाली असते, सगळं वहीत आहे.

माझी लेक (वय १३, हॉकीचा मनापासून तिटकारा, शूटिंगचं काम पॉकेटमनीच्या बोलीवर) माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "बाबा, तू पडतोस तिथेच राहतोस. ती पडून पुढे जाते."

मी म्हटलं, ती ऑलिंपिक चॅम्पियन आहे, मी पंचेचाळिशीतला पाचव्या संघाचा कीपर आहे. लेक म्हणाली, "ते नाही रे. खाली बघ. तिथे पाणी उडतंय."

मी क्लिप थांबवली. खरंच पाणी उडत होतं.

दोन वर्षं, मंडळी! दोन वर्षं मी कोन, पावलं, हात, डोळे सगळं मोजलं आणि पायाखालची जमीन बघायची राहिली. रिओची ती निळी टर्फ पाण्याची, म्हणजे पाणी मारून भिजवलेली. आमची वाळूची, तंतूंत वाळू भरलेली. पाण्याच्या टर्फवर कीपर आडवा झाला की त्याचं निम्मंच काम झालेलं असतं. उरलेलं काम घसरण करते. पॅडची भिंत खेळाडूबरोबर सरकत जाते, त्यानं चेंडू बाजूला ओढला तरी भिंत मागोमाग येते. वाळूवर आडवा झालो की मी म्हणजे पोस्टानं पोचवलेलं पार्सल. ठेवलं तिथे पडून.

नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही म्हणणार हे ठाऊक आहे. म्हणून मोजलं. आधी आमच्या मैदानावर दहा वेळा, सारखीच धाव घेऊन सारखंच पडणं, जिथे कंबर टेकली तिथून जिथे थांबली तिथपर्यंत टेप. सरासरी ४५ सेंटिमीटर. मग शेजारच्या शाळेची पाण्याची टर्फ तासाभरासाठी भाड्यानं घेतली (भाडं सांगत नाही, बायको हे वाचते) आणि तिथे दहा वेळा. सरासरी १ मीटर ६० सेंटिमीटर. गोल आहे ३.६६ मीटर रुंद. फरक १ मीटर १५ सेंटिमीटर. शनिवारी तिन्ही चेंडू माझ्या बुटांपासून साधारण तेवढ्याच अंतरावरून आत गेले होते. अंगण वाकडंच आहे, हे आता टेपनं सिद्ध. उजव्या कोपराची सालं गेली ती वेगळी.

सध्याचं माझं मत स्पष्ट लिहितो, भांडायचं त्यांनी भांडा. ज्याचा क्लब वाळूवर खेळतो त्यानं आंतरराष्ट्रीय कीपरांकडून उभं राहणं शिकावं, पडणं शिकू नये. ड्रॅगफ्लिकला (पेनल्टी कॉर्नरवर स्टिकनं ओढून उंच फेकलेल्या चेंडूला) हात कुठे ठेवायचा, लाइन कधी सोडायची, खेळाडूला कुठल्या बाजूला रेटायचं, हे सगळं चालतं. आडवं होणं मात्र ज्या त्या टर्फचं. बिशम ॲबी हे राष्ट्रीय क्रीडा केंद्र आमच्यापासून गाडीनं वीस मिनिटांवर, ग्रेट ब्रिटनचे संघ तिथे सराव करतात, म्हणून आपणही त्याच हवेचे असं मला उगाचच वाटत आलंय. हवा तीच असेल, पाणी त्यांच्याकडे आहे.

जाता जाता एक गंमत. ही निळी टर्फ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली ती २०१२ ला लंडनमध्ये, गुलाबी काठ आणि पिवळ्या चेंडूसकट. आणि लंडनला ऑलिंपिक भरवता येईल का, याचा अभ्यास १९९७ पासून ब्रिटिश ऑलिंपिक असोसिएशनसाठी ज्यानं केला तो डेव्हिड लक्स. कोण हा? बार्सिलोना, अटलांटा आणि सिडनी अशा तीन ऑलिंपिकला गेलेला ब्रिटनचा गोलकीपर! म्हणजे माझ्या कोपराच्या सालींचा माग काढत गेलं तर शेवटी एक कीपरच सापडतो.

बरं, टर्फ सापडली म्हणून प्रश्न सुटला असं नाही. वाळूवर पडणं महाग असेल तर उशिरा पडायला हवं, आणि मी नेमका लवकर पडतो. लेकीनं काढलेल्या सरावाच्या चाळीस क्लिप पुन्हा बघितल्या. शिट्टीपासून माझी कंबर टेकेपर्यंत सरासरी ४.१ सेकंद. खेळाडूकडे असतात आठ. तेवीस मीटरच्या रेषेवरून डीपर्यंत यायलाच आमच्या पोरांना जवळजवळ तीन लागतात. म्हणजे तो डीत शिरून जेमतेम एक सेकंद झालेला असतो आणि मी लोटांगण घालून मोकळा. उरलेले चार सेकंद मी त्याला आहेर म्हणून देतो.

मग ठरवलं, सहा मोजेपर्यंत आडवं व्हायचं नाही. बुधवारच्या सरावात मनात एक ते सहा मोजलं, मगच पडलो. तरीही गोलावर गोल. घरी येऊन क्लिप बघतो तर कंबर टेकली ३.९ सेकंदाला! आधीपेक्षाही लवकर. कारण उघड आहे. एक, दोन, तीन, चार... हे शब्द एवढेसे, आणि अंगावर माणूस धावून येत असताना मी ते लहानपणी लपाछपीत राज्य असताना म्हणायचो तसे भराभरा उरकत होतो. आधी वाटलं इंग्रजीत मोजावं, तेही तितकंच घाईत झालं. शेवटी "एक मोरया, दोन मोरया" असं मोठ्यानं म्हणायला लागलो. जमलं! सहाव्या मोरयाला घड्याळात ५.८. आमच्या सेंटर हाफला वाटतंय मी प्रार्थना करतो. त्यानं परवा आदरानं विचारलं की त्याच्यासाठीही एखादी म्हणशील का.

आकडे: मोरयाविना दहापैकी आठ गोल, मोरयासकट दहापैकी चार. दहाचाच नमुना आहे, उड्या मारू नका. पण त्या सहा न झालेल्या गोलांपैकी तीन वेळा मी पडलोच नाही. नुसता उभा राहिलो, मागे मागे सरकत गेलो, आणि त्यांची वेळ संपली. शिट्टी वाजल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ना, त्यासाठी मी या वासाच्या बॅगेचं ओझं वाहतो.

वास म्हटल्यावर किकर (कीपरच्या बुटावरचं फोमचं जाड आवरण) प्रकरणाची प्रगती. ज्या ऑनलाइन दुकानानं मला दोन डावे किकर पाठवले होते (नोंद १५), त्यांनी बदलून आणखी एक डावा पाठवला. आता तीन डावे आहेत. ऑक्टोपस कीपर असल्यास कळवा. तोवर जुना उजवा किकर नव्या पट्ट्या लावून चालवतोय आणि खरं सांगायचं तर तो बरा वाटतोय. हाय-रिबाउंड फोमचा मला सोस होता, ओबीओ कंपनीचे रोबो किकर बघून जीव जातो, पण त्या फोमवरून चेंडू लांब उडतो म्हणजे कुठे तरी लांबच्या फॉरवर्डकडे उडतो. आमचे डिफेंडर रिबाउंडला पोचेपर्यंत बस निघून गेलेली असते. मऊ किकरवरून चेंडू माझ्या पायापाशी मरतो, मी तो बाजूला लाथाडतो. पाचव्या संघाला तेवढं पुरे. ज्यांच्यापुढे चांगले डिफेंडर आहेत त्यांनी खुशाल रोबो घ्यावेत.

एक सुखाचा क्षणही लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. शनिवारीच, दुसऱ्या क्वार्टरमध्ये, त्यांच्या पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅगफ्लिक वर डाव्या कोपऱ्यात आला आणि डाव्या हाताच्या ग्लोव्हनं तो बारवरून गेला. विचार वगैरे काही नाही, हात आपोआप गेला. तो आवाज अजून कानात आहे. शूटआउट हरल्यामुळे ही गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली नाही, म्हणून इथे.

हे लिहिता लिहिता एक विचार आला आणि पुढची सगळी योजना बदलतोय. नियम म्हणतो, शूटआउट सुरू होताना कीपर गोललाइनवर किंवा मागे, दोन पोस्टच्या मध्ये असावा. बरोबर मधोमध असावा असं कुठेही म्हटलेलं नाही. मग मी अर्धं पाऊल डावीकडे सरकून का उभा राहत नाही? समोरच्याला त्याच्या डावीकडे, म्हणजे रिव्हर्सच्या बाजूला, मोकळी जागा दिसेल. तो तिकडे जाईल. ती माझी उजवी बाजू, तिथे माझ्या हातात स्टिक आहे, आणि रिव्हर्सवर आमच्या लीगमधल्या लोकांचा जोर बेताचाच. शनिवारी ते तिघं शेवटी तिकडेच गेले होते की! फक्त मी तिथे नव्हतो. गळती डावीकडे आहे असं मी सोळा नोंदी ओरडतोय. भोक उजवीकडे होतं, डावीकडे नुसता मी सांडत होतो.

ग्लोव्हच्या मागे चिकटवलेली पट्टीही बदलावी लागणार. हिंचच्या वहीची नक्कल करत मी त्यावर समोरच्या खेळाडूंच्या सवयी लिहायचो: सात नंबर उजवीकडे, अकरा नंबर गोल फिरतो. तिच्याकडे विश्लेषक होते, माझ्याकडे ऐकीव माहिती. पॅरिस ऑलिंपिकमधल्या ४ ऑगस्ट २०२४ च्या त्या भारत-ब्रिटन क्वार्टर फायनलनंतर आठवतं ना, सामना जिंकूनही हॉकी इंडियानं तक्रार केली होती की शूटआउटमध्ये कीपरला गोलामागून सूचना दिल्या गेल्या, टॅब्लेट वापरला गेला? आम्ही क्लबहाउसमध्ये बघत होतो; क्लबच्या जर्सीआत माझा निळा टी-शर्ट होता आणि मी कुठल्याच गोलावर ओरडू शकत नव्हतो. भारत सतराव्या मिनिटापासून दहा जणांत, तरी १-१. मग एकीकडे श्रीजेश, दुसरीकडे ब्रिटनचा कीपर, होलकम क्लबचा ऑली पेन. भारताचे चारही आत. ब्रिटनचे दोन आत, एक बाहेर, एक श्रीजेशनं अडवला. पेनसारख्या माणसाला चारपैकी चार बसतात, तिथे माझ्या पट्टीवरच्या सात नंबरची काय कथा! आता पट्टीवर फक्त दोन शब्द: "डावीकडे. मोरया."

हिंचही २०१४ ला ग्लासगोच्या कॉमनवेल्थ फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाकडून शूटआउटवरच हरली होती, असं मला आमच्या कोचनं शनिवारी गाडीत सांगितलं. भला माणूस आहे. पण दोन वर्षांनी रिओ येणार होतं हे तिला कुठे माहीत होतं, आणि माझ्या बाबतीत काय येणार हे सगळ्यांना माहीत आहे: पुढच्या शनिवारी लीगचा परतीचा सामना, त्याच संघाशी. लीगमध्ये शूटआउट नसतो, म्हणजे नवा पवित्रा कामी येणार नाही. तरी सामन्यानंतर त्यांच्या त्या तिघांना दहा मिनिटं थांबायची विनंती केलीय, बिअरच्या बोलीवर. दोघं हो म्हणाले.

अंदाज पावसाचा आहे. ओल्या वाळूवर मी किती घसरतो हे मोजायचं राहूनच गेलं. टेप बॅगेत टाकलीय.