तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सारेगमप’ पूर्वीसारखं का राहिलं नाही?

गाण्याचा क्लास घेणाऱ्या बाईला लोक ठरलेले दोन प्रश्न विचारतात. एक, ‘आमच्या पोरीला गळा आहे का हो?’ आणि दुसरा, चहा झाल्यावर, जरा मोकळं होऊन, ‘ताई, ते सारेगमप आता पूर्वीसारखं का राहिलं नाही?’ पहिल्याचं उत्तर पोरीसमोर देता येत नाही. दुसऱ्याचं इथे देते.

आधी ‘पूर्वी’ म्हणजे कधी, ते ठरवू या. विचारणारे पन्नाशीपुढचे असले तर त्यांच्या मनात झी टीव्हीवरचं हिंदी ‘सा रे ग मा’ असतं. १९९५ साली सुरू झालेलं, गजेंद्र सिंग यांचं, सोनू निगमच्या सूत्रसंचालनाचं. नावात अजून ‘प’ लागलेला नव्हता. परीक्षकांच्या खुर्चीत नौशाद, ओ. पी. नय्यर, कल्याणजी असे संगीतकार बसत. गाणं झालं की ही मंडळी चार वाक्यं बोलत, आणि बरेचदा त्यातलं एक वाक्य आम्हा शिकणाऱ्यांना आठवडाभर पुरे. आपल्याकडची संजीवनी भेलांडे, पुण्याची बेला शेंडे ही नावं तिथूनच घराघरांत गेली. लहान मुलांच्या विशेष भागात श्रेया घोषाल जिंकली. संजय लीला भन्साळींच्या आईने तिला टीव्हीवर ऐकलं, मुलाला हाक मारली आणि पुढे २००२च्या ‘देवदास’मध्ये ती गायली, ही गोष्ट आता पालकांना पाठ आहे. माझ्या मते तीच गोष्ट पुढच्या सगळ्या गर्दीच्या मुळाशी आहे.

विचारणारे तिशीचे असले तर ‘पूर्वी’ म्हणजे झी मराठीवरचं २००८-०९चं लिटिल चॅम्प्स, सारेगमपचं लहान मुलांचं पर्व. सूत्रसंचालक पल्लवी जोशी, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, आणि ती पाच मुलं. बहुतेकांना हेच हवं असतं, म्हणून मीही इथेच जास्त थांबते.

आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, आरवलीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत. गावं मुद्दाम लिहिली, कारण प्रत्येकाच्या गाण्यात ते गाव आणि ते घर ऐकू यायचं. कार्तिकीच्या गळ्यात वारकरी ठसका होता. भारूड, गवळण, अभंग ती लहानपणापासून कानावर पडलेल्या ढंगात गायची, त्यासाठी तिला ‘आता लोकसंगीत गाऊन दाखव’ असं सांगावं लागत नव्हतं. आर्याचं बसणं-उठणं शास्त्रीय घरातलं. प्रथमेश नाट्यगीताला उभा राहिला की कोकणातल्या देवळातल्या उत्सवाची आठवण यावी. रोहित अगदीच निराळा, हिंदीतली नव्या चालीची गाणी अंगात आल्यासारखी गाणारा. मुग्धा इतकी लहान की माईकचा स्टँड खाली करावा लागे, पण सूर जागच्या जागी. हे पाच आवाज एकमेकांशी स्पर्धा करत होते असं कधी वाटलंच नाही, कारण एकाचं माप दुसऱ्याला लागतच नव्हतं. शेवटी कार्तिकी जिंकली, आणि आमच्या गल्लीत यावरून दोन घरांत चार दिवस बोलणं बंद होतं.

आता ज्यावर माझं सगळं उत्तर उभं आहे तो मुद्दा. त्या पाचांपैकी कुणीही ‘लिटिल चॅम्प्स’ बघून मोठं झालेलं नव्हतं. बघणार कसं, मराठीत तोवर ते नव्हतंच. त्यांच्यानंतर जी मुलं आली ती मात्र सगळी ‘लिटिल चॅम्प्स’ बघूनच आली. फरक इथे पडला. ‘चॅनलवाले बिघडले’, ‘परीक्षक विकले गेले’, ‘आता टॅलेंटच राहिलं नाही’ ही तीन उत्तरं लोक आधीच ठरवून येतात. तिसरं तर साफ खोटं आहे. आज ऑडिशनच्या रांगेत उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलांची तयारी २००८च्या मुलांपेक्षा जास्त आहे. तान स्वच्छ, लय पक्की, श्वास कुठे घ्यायचा ते ठाऊक. फक्त ती सगळी एकाच शाळेत शिकलेली वाटतात, आणि ती शाळा म्हणजे हाच कार्यक्रम.

क्लासमध्ये हे मला रोज दिसतं. त्या पर्वाआधी मूल यायचं तेव्हा घरातलं काहीतरी घेऊन यायचं. आजोबांच्या भजनी मंडळातलं एखादं पद, आईने स्वयंपाकघरात गुणगुणलेलं भावगीत, कुणाकडे वडिलांचा तबला. नंतर मुलं यायला लागली ती ‘मी आर्याताईचं गाणं म्हणू?’ असं विचारत. ते गाणं मूळचं आशाबाईंचं किंवा किशोरीताईंचं, पण पोरीच्या लेखी ते आर्याताईचं. त्यात पोरीची चूक नाही, तिने ते तिथेच पहिल्यांदा ऐकलेलं. एकदा एका गुणी मुलीने नाट्यगीत म्हटलं. एक अंतरा झाला, मोठी तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) घेतली, हात वर गेला आणि थांबली. म्हटलं, ‘पुढे?’ ती म्हणाली, ‘पुढे काय? झालं ना.’ टीव्हीवर तेवढंच होतं. दुसरा अंतरा असतो हे तिला माहीतच नव्हतं, आणि ती तिहाई मूळ गाण्यात नाही हेही. गाण्यात काय असतं यापेक्षा टीव्हीवर गाणं कसं संपतं, हे तिला चोख पाठ होतं.

कारण कार्यक्रमातल्या गाण्याला एक आकार आलाय. अडीच-तीन मिनिटं. सुरुवातीचं संगीत आखूड. एकच अंतरा. मग तालवाद्यं वाढतात, सूर चढतो, शेवटी वरच्या सप्तकात लांबलचक आलाप आणि परीक्षक उभे. खालच्या सप्तकातलं, अंधुक, हळू सरकणारं गाणं या आकारात बसत नाही, म्हणून ते कुणी निवडत नाही. निवडलं तरी त्याला शेवटी शिडी लावली जाते. वाद्यवृंदातल्या लोकांना दोष देऊ नका, त्यांना आठवड्याला ढीगभर गाणी बसवायची असतात आणि कॅमेऱ्याला शेवटी टाळी लागते. शिवाय आता ते गाणं पूर्ण भागात बघणारे थोडे, मोबाईलवर तुकड्यात बघणारे फार. तुकड्याला चढणच लागते.

गुणांचंही तेच झालं. मराठी सारेगमपमध्ये आकडे नव्हते, सूर होते. सा, रे, ग करत वर जायचं, ‘नी’ म्हणजे उत्तम, आणि अगदीच कुणी घर डोक्यावर घेतलं तर ‘वरचा सा’. किती छान कल्पना होती! पण सूर असोत की आकडे, ते वर्षागणिक चढतातच. आधी ‘नी’ मिळाला की आम्ही घरात टाळ्या वाजवायचो. पुढे पुढे ‘नी’ हा नेहमीचा झाला आणि ‘ध’ मिळालेल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. ‘ध’ म्हणजे चांगलं गायलास, हे त्याला कोण समजावणार?

मतदानाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळ्यांनी पुष्कळ बोलून झालंय. ब्रिटनमधल्या ‘पॉप आयडॉल’च्या साच्यावरचं ‘इंडियन आयडॉल’ २००४ साली सोनीवर आलं, एसेमेस आले, आणि पहिला विजेता आपला मुंबईचा अभिजीत सावंत ठरला. पाठोपाठ ‘सारेगमप’नेही ‘चॅलेंज’ म्हणत मतदान आणलं. २००७ साली दार्जिलिंगचा प्रशांत तमांग ‘इंडियन आयडॉल’ जिंकला तेव्हा तिथे त्याच्यासाठी मतं गोळा करायला संघटना उभ्या राहिल्या, तिथले नेते बिमल गुरुंग त्या मोहिमेत पुढे होते आणि त्याच वर्षी त्यांनी ‘गोरखा जनमुक्ती मोर्चा’ हा पक्ष काढला. गाण्याच्या स्पर्धेतून राजकीय पक्षाला बळ मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. गायकापेक्षा गाव मोठं झालं की परीक्षक काय बोलतात याला अर्थ उरत नाही. मग परीक्षकही सांभाळून, गोड बोलायला लागतात. २०२१ साली ‘इंडियन आयडॉल’च्या किशोरकुमार विशेष भागानंतर त्यांचे चिरंजीव अमित कुमार यांनी उघडच सांगितलं की सगळ्यांचं कौतुक करायला आपल्याला सांगितलं होतं. लोकांना धक्का बसला. मला धक्का बसला तो लोकांना धक्का बसल्याचा. त्याच पर्वाची अंतिम फेरी १५ ऑगस्टला सुमारे बारा तास चालली. बारा तास माणूस स्पर्धा बघत नाही, जत्रा बघतो.

राहिली ती ‘स्टोरी’. स्पर्धकाच्या गाण्याआधी जी छोटी फिल्म लागते, तिला तिथली माणसं एव्ही म्हणतात. घर, आई, गळणारं छप्पर, मागे बासरी. हल्ली पालक माझ्याकडे फॉर्म भरायला मदत मागतात. ‘स्वतःविषयी विशेष काय’ असा रकाना असतो. एक आई, दोघं नवरा-बायको बँकेत, स्वतःचा फ्लॅट, मुलगी गोड गाणारी. मला म्हणाली, ‘ताई, आमच्याकडे सांगण्यासारखं काहीच वाईट झालेलं नाही हो. काय लिहू?’ आम्ही दोघी हसलो. मग तिने खरंच विचारलं, ‘पण काय लिहू?’ मी म्हटलं, लिहा की रोज सकाळी सहाला उठून खर्ज लावते, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज करते. तिला ते फारसं पटलं नाही.

२०२१ साली लिटिल चॅम्प्स परत आलं तेव्हा मृण्मयी देशपांडे सूत्रसंचालक होती आणि परीक्षक म्हणून त्याच पाच जणांना बसवलं होतं. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, ‘ही कालची पोरं!’ मला निवड आवडली होती. दहाव्या वर्षी त्या दिव्यांत उभं राहून गाणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? नौशादसाहेबांनाही नसतं कळलं. पण त्याच वेळी हेही दिसलं की आता कार्यक्रमाला बाहेरचं माप उरलेलं नाही. स्पर्धक कार्यक्रमातून तयार झालेले, परीक्षकही त्यातूनच, आणि गाणंही त्याच आकाराचं.

जिंकलेल्यांचं पुढे काय होतं तेही याच ओघात येतं. वैशाली माडे मराठी सारेगमप जिंकली, मग २००९चं हिंदीही जिंकली. आजही ती दमदार गाते. २०१९ साली ती मराठी ‘बिग बॉस’च्या घरात होती. अभिजीत सावंत २०२४ साली त्याच घरात शिरला आणि उपविजेता ठरला. यात कमीपणा काही नाही, काम आहे. पण पहिल्या ‘इंडियन आयडॉल’ला वीस वर्षांनंतर लोकांनी पुन्हा डोक्यावर घेतलं ते न गाता जगताना पाहून, हे मला चमत्कारिक वाटतं.

यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न, ‘मग मुलीला पाठवू की नको?’ पाठवा. माझ्याही मुली जातात. दोन गोष्टी बघा. एक, तिला चार पूर्ण गाणी येऊ द्यात, सगळ्या अंतऱ्यांसकट, त्यातलं एक तरी टीव्हीवर न ऐकलेलं. दुसरी गोष्ट मुलग्यांच्या पालकांसाठी. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो. दहाव्या वर्षी महाराष्ट्राने उचलून धरलेला गळा एका उन्हाळ्यात अनोळखी होतो, आणि तेव्हा कॅमेरे गेलेले असतात. रोहित राऊतने तो काळ काढला, सराव सोडला नाही, आणि ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात उपविजेता झाला. मधल्या दहा वर्षांची एव्ही कुणी बनवत नाही. त्या वर्षांत फी मात्र वेळेवर भरा, एवढं माझ्या बाजूने.