२८ पोरं आणि ६ बेंच
परवापासून आमच्या तालमी सुरू झाल्यात, नाटक दहावीच्या एका वर्गाचं, स्टेजवर एकूण २८ पोरं, आणि प्रत्येकाच्या आईला वाटतंय की आपल्याच पोराला डायलॉग कमी दिलेत. खरं सांगू का, एवढ्या गर्दीच्या नाटकात बोलणारा सोपा असतो हो, अवघड असतो तो मागच्या बेंचवर ४० मिनिटं नुसता बसणारा. काल असाच एक जण सीन चालू असताना करकटकाने बेंचवर काहीतरी कोरत बसला होता, मी ओरडणारच होतो, मग म्हटलं अरे हेच तर पाहिजे, ठेवलं तसंच!

पुण्यात मोहन आगाशेंनी १९८६ मध्ये बर्लिनच्या ग्रिप्स या मुलांच्या थिएटरची नाटकं मराठीत आणली, त्यात पऱ्या-राक्षस नव्हते, मुलांचे खरेखुरे प्रॉब्लेम होते, फक्त मुलांची कामं मोठी माणसं करायची. (सुखी होते बिचारे.) आमच्याकडे खरीच पोरं, त्यामुळे हिरोला नुकतं मिसरूड फुटलंय आणि दर दुसऱ्या वाक्याला त्याचा आवाज चिरकतो, रडायच्या सीनला तर हमखास. आणि आवाज चिरकला की बाकीचे २७ खो खो हसत सुटतात. तो सीन अजून एकदाही शेवटपर्यंत गेलेला नाही.