तुम्ही विचारलंत म्हणून : डिफॉल्ट टाइमआउट मी कमी का करत नाही

संगणक बंद करताना पडद्यावर ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ ही ओळ येते, शेजारी दीड मिनिटाची मोजणी सुरू होते, आणि मग मला तोच प्रश्न येतो : लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या सिस्टीमडीच्या ‘सिस्टम डॉट कॉन्फ’ या सेटिंग फाइलमध्ये ‘डिफॉल्ट टाइमआउट स्टॉप सेक’, म्हणजे थांबण्यासाठी दिलेली मुदत, 10 सेकंदांवर आणून ठेवले तर बिघडते कुठे? स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल ठेवा. फेडोरा या लिनक्सच्या 2023 मध्ये आलेल्या 38 व्या आवृत्तीने ही मुदत 90 वरून 45 सेकंदांवर आणली, मूळ प्रस्ताव तर 15 सेकंदांचा होता, त्यामुळे 90 हा आकडा अढळ आहे असे मी म्हणत नाही. माझा विरोध आहे तो सर्व्हरवर, सगळ्या सर्व्हिसेसना (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅम्सना) एकाच फटक्यात लागू होणारी मुदत कमी करण्याला.

या विरोधामागे एका पतसंस्थेचा सर्व्हर आहे. यंत्र बसवून देणाऱ्यांनी सुरू होण्याची आणि बंद होण्याची, दोन्ही डिफॉल्ट मुदती 20 सेकंदांवर आणल्या होत्या. पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर सोर्स कोडवरून बांधलेले होते आणि त्याची युनिट फाइल (सिस्टीमडीने ते कसे चालवायचे हे सांगणारी) हाताने लिहिलेली होती : प्रकार ‘नोटिफाय’ (तयार झाल्याचे सर्व्हिस स्वतः कळवते), अपयश आले तर पुन्हा सुरू कर, आणि टाइमआउटचा उल्लेखच नाही. महिनाअखेरीची व्याजआकारणी झाल्यावर कोणीतरी अपडेटसाठी यंत्र रीस्टार्ट केले. बंद होताना पोस्टग्रेस मेमरीतली बदललेली पाने (डेटाचे तुकडे) डिस्कवर उतरवून चेकपॉइंट, म्हणजे इथपर्यंतचे सगळे डिस्कवर पोहोचल्याची खूण, पूर्ण करते. ती जुनी फिरती डिस्क होती, व्याजाच्या नोंदींनी बरीच पाने बदललेली होती, आणि त्या कामाला काही मिनिटे सहज लागली असती. विसाव्या सेकंदाला सिस्टीमडीने सिगकिल, म्हणजे प्रोग्रॅम जागच्या जागी मारणारा आदेश, पाठवला.

इथपर्यंत काही बिघडलेले नव्हते, कारण असा घाव सोसण्यासाठीच पोस्टग्रेस बदल आधी आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवते. यंत्र पुन्हा चालू झाले, डेटाबेस शेवटच्या चेकपॉइंटपासून तो लॉग वाचत रिकव्हरी करू लागला, आणि तयार झाल्याचा निरोप 20 सेकंदांत आला नाही म्हणून सिस्टीमडीने त्याला पुन्हा थांबवले. मग ‘पुन्हा सुरू कर’ हा नियम होताच. अर्धवट राहिलेली रिकव्हरी पुढच्या वेळी त्याच चेकपॉइंटपासून नव्याने सुरू होते. सारखे पडणाऱ्या सर्व्हिसला रोखणारी सिस्टीमडीची मर्यादा 10 सेकंदांत 5 प्रयत्न अशी आहे. इथे एकेक प्रयत्नच 20 सेकंदांचा असल्याने ती कधीच लागू झाली नसती.

मला फोन आला तेव्हा व्यवस्थापक आदल्या रात्रीचा बॅकअप चढवायच्या तयारीत होते, आणि त्यांना दोष देता येत नाही. रिकव्हरी मध्येच तुटल्यावर पोस्टग्रेस संदेशांच्या लॉगमध्ये (हा बदलांच्या लॉगहून वेगळा) असा इशारा देते की बहुधा काही डेटा खराब झाला असून शेवटचा बॅकअप वापरावा लागेल. ते वाचून कोणाच्याही पोटात गोळा येईल. बॅकअप चढवला असता तर दिवसभराची पिग्मी आणि व्याजाच्या साऱ्या नोंदी गेल्या असत्या. मी त्यांना हात लावू नका म्हटले आणि तो संदेशांचा लॉग वाचून दाखवायला सांगितले. रिकव्हरी कुठून सुरू झाली हे सांगणारा ‘रीडू स्टार्ट्स ॲट’पुढचा आकडा प्रत्येक वेळी तोच होता, आणि सिस्टीमडीच्या नोंदवहीत, म्हणजे जर्नलमध्ये, दर खेपेला टाइमआउटची ओळ होती. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ या आदेशाने त्या एकट्या युनिटला ‘टाइमआउट स्टार्ट सेक’ (सुरू होण्याची मुदत) म्हणून ‘इन्फिनिटी’, म्हणजे अमर्याद, दिले, डेटाबेस सुरू केला आणि थांबलो. रिकव्हरी पूर्ण झाली, एकही नोंद गेली नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की बंद होण्याची मुदत तोडली की रिकव्हरीची गरज निर्माण होते, आणि सुरू होण्याची मुदत तोडली की तीच रिकव्हरी होऊ दिली जात नाही. डिफॉल्ट बदलणारा माणूस त्या यंत्रावर पुढे येणाऱ्या, त्याने अजून पाहिलेल्याही नसलेल्या सर्व्हिसेसच्या वतीने निर्णय घेत असतो. एखादी सर्व्हिस रेंगाळत असेल तर तिच्याच युनिटमध्ये मुदत कमी करा. पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेत नमुन्याच्या युनिट फाइलला ‘इन्फिनिटी’च दिलेले आहे आणि त्याचे कारणही तिथेच लिहिलेले आहे.

या प्रसंगानंतर बरीच वर्षे मी डेटाबेसला दोन्ही बाजूंनी ‘इन्फिनिटी’ द्या असे सांगत असे. तेव्हाच्या मला आज मी विचारीन की हरवलेल्या नेटवर्क डिस्कवर एखादी प्रक्रिया अडकली, तर बंदच न होणाऱ्या त्या यंत्रापाशी मध्यरात्री कोण जाणार? तो मला उलट विचारील की मग आकडा कोणता, आणि माझ्याकडे उत्तर नसेल. सिस्टीमडीच्या 236 व्या आवृत्तीपासून सर्व्हिस स्वतःच वाढीव वेळ मागू शकते आणि मारियाडीबी हा डेटाबेस तसे करतो, हा मला त्यातल्या त्यात योग्य मार्ग वाटतो, पण प्रत्येक सर्व्हिस ते करत नाही.

त्या पतसंस्थेत सुरू होण्याला आजही मुदत नाही. बंद होण्याची मुदत मी 5 मिनिटे ठेवली आहे, कारण वीज गेल्यावर यूपीएस साधारण तेवढाच वेळ देतो. बॅटरी जुनी होत जाईल तसा तो आकडा कमी करावा लागेल, आणि तो कमी केला की महिनाअखेरीचा चेकपॉइंट त्यात बसेल का, हे पुन्हा तपासावे लागेल.