सेकंड शिफ्टचा आठवडा

बुधवार, 22 जानेवारी 2025

गिऱ्हाइकाकडून पार्ट्सचा लॉट परत आला. गेटवर टेम्पो उभा राहिला तेव्हाच ओळखलं होतं, कारण माल घेऊन जाणारा टेम्पो असा भरलेला परत येत नाही. चलनावर लाल पेनने एकच ओळ: बोअर अंडरसाइज. म्हणजे पार्टमधलं भोक मापापेक्षा लहान.

पंचवीस मिलिमीटरचा बोअर, टॉलरन्स एच-सेव्हन. म्हणजे पंचवीसच्या खाली अजिबात जायचं नाही, वर फक्त एकवीस मायक्रॉनची मोकळीक, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमच्या रिपोर्टवर सगळे जॉब, म्हणजे पार्ट, 25.003, 25.004 असे व्यवस्थित बसलेले. गिऱ्हाइकाकडे गो गेज, म्हणजे भोक मापात असेल तर आत जायलाच हवा तो दांडा, आतच जाईना. इथे आणून चेक केले तर आमच्या प्लग गेजनेही तेच सांगितलं.

शेठ चिडले. सुपरवायझर ऑपरेटरवर घसरला. ऑपरेटर म्हणाला, मी दर पाचव्या पीसला बोअर गेज लावतो, रजिस्टर बघा. रजिस्टर बरोबरच होतं. गडबड थंडीची होती. मशीनवरून निघालेला जॉब हाताला चांगला कोमट लागतो, आणि जानेवारीत आमच्या शेडमध्ये पहाटे हात गारठतात. स्टीलच्या पंचवीस मिलिमीटरला वीस अंशांच्या फरकात जवळजवळ सहा मायक्रॉन पडतात. गरम जॉब 25.004 दाखवतो, निवला की 24.998. उन्हाळ्यात हे झाकून जातं, कारण शेडच तापलेली असते. त्यात बोअर मोठा झाला तर पीस थेट भंगारात, म्हणून प्रत्येक ऑपरेटर खालच्या बाजूला चिकटून चालतो. त्याचं तरी काय चुकलं?

बरं तर बरं, लहानच आहे. होनिंग करून, म्हणजे भोक आतून घासून किंचित मोठं करून, वाचेल. पण सगळा लॉट पुन्हा हातातून काढायचा.

साडेसातच्या सुट्टीत डोकं पिकलं म्हणून त्र्यंबक रोडपर्यंत चालत गेलो. रस्त्याने दिंड्या चालल्या होत्या. पौष वद्य एकादशी शनिवारी, निवृत्तिनाथांची यात्रा. पुढे पताका, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, त्यामागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्यागोधड्या आणि भलीमोठी पातेली. आमच्या लाइनीतल्या दोन-तीन कंपन्यांनी मिळून चहा ठेवला होता. एका म्हाताऱ्या विणेकऱ्याने मला, युनिफॉर्मवर कूलंटचे डाग असलेल्या माणसाला, वाकून नमस्कार केला. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात हे ठाऊक असूनही अशा वेळी काय करावं ते सुचत नाही. मीही वाकलो. खिशातला व्हर्नियर खाली पडला.

गुरुवार, 23 जानेवारी

सेकंड शिफ्टचा एकमेव फायदा म्हणजे सकाळ आपली असते. आज ती सत्कारणी लागली. गोल्फ क्लबवर रणजीचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध बडोदा.

बायको म्हणाली, "अहो, लॉट परत आलाय आणि तुम्ही मॅच बघायला?" मी म्हटलं, लॉट साडेतीनला उघडणार, मॅच साडेनऊला सुरू होते.

ज्या मैदानाभोवतीच्या ट्रॅकवर अर्धं नाशिक रोज सकाळी पोट कमी करायला फिरतं, तिथे आत पांढऱ्या कपड्यांत ऋतुराज गायकवाड उभा दिसणं ही गंमतच आहे. मैदानाचं कागदोपत्री नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. 1909 मध्ये नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घालणारा कान्हेरे. रिक्षावाल्याला ते नाव सांगितलं तर तो क्षणभर विचार करतो, मग म्हणतो, "गोल्फ क्लब ना?"

महाराष्ट्राची पहिली बॅटिंग. ऊन कोवळं, बॉल हलत होता. टीव्हीवर कळत नाही, पण मैदानाच्या कडेला उभं राहिलं की बॉल किपरच्या ग्लोव्हजमध्ये शिरतानाचा आवाज ऐकू येतो, आणि त्या आवाजावरूनच आपण बॅटिंगला नाही याचं समाधान वाटतं. पोरं ऋतुराजसाठी आली होती आणि पलीकडे बडोद्याच्या कृणाल पंड्याच्या नावानेही ओरडत होती. आपल्याकडे आयपीएलमुळे कोणाच्या बाजूने ओरडायचं याचा घोळच झालाय.

आता मनातलं सांगतो. महाराष्ट्राच्या रणजी संघाचा फॅन असणं ही फार एकट्याची गोष्ट आहे. नाशिक, पुणे, सोलापूर, कोल्हापूर सगळं या संघात येतं, तरी निम्म्या लोकांना महाराष्ट्र आणि मुंबई हे दोन वेगळे संघ आहेत हेच माहीत नसतं. मुंबईकडे 42 विजेतेपदं. आमच्याकडे दोन, तीही कॅप्टन देवधरांच्या काळातली, 1939-40 आणि 1940-41. त्यानंतर फायनल गाठली, शेवटची 2013-14 मध्ये कर्नाटकविरुद्ध, आणि हरलो. आमच्या स्टोअरमध्ये एक कल्याणचा माणूस आहे, पक्का मुंबईवाला. दरवर्षी रणजी सुरू झाली की चहाच्या टपरीवर मला विचारतो, "काय, यंदा तरी बाद फेरी?" उत्तर त्यालाही माहीत असतं आणि मलाही.

शेजारी एक आजोबा बसले होते. कानटोपी, स्वेटर, मांडीवर डबा. त्यांनी डब्यातून दशमी काढून मला दिली आणि भाऊसाहेब निंबाळकरांचे 443 सांगायला सुरुवात केली. 1948, पुणे, काठियावाडविरुद्ध. ब्रॅडमनच्या 452 च्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या आणि समोरच्यांनी सामनाच सोडून दिला. ही गोष्ट महाराष्ट्राच्या प्रत्येक फॅनला पाठ असते. तरी मी ऐकली. दशमी खात खात ऐकायला काही हरकत नव्हती.

"सत्यजित बच्छाव आपला," आजोबा म्हणाले. "डावखुरा स्पिनर. नाशिकचं पोरगं."

"हो काका, माहितीये."

"आपलंय," ते पुन्हा म्हणाले.

उपाहारानंतर निघावं लागलं. मागून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा मी पार्किंगमध्ये हेल्मेट शोधत होतो. चौकार होता की विकेट, तिथून कळायला मार्ग नाही.

शनिवार, 25 जानेवारी

षटतिला एकादशी. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारची, त्यामुळे आईला नाही म्हणायची सोयच नव्हती.

पूर्वी ती दिंडीबरोबर चालत जायची. आता गुडघे परवानगी देत नाहीत, म्हणून एसटी. स्टँडवर ही झुंबड. कंडक्टर ओरडतोय, टाळकरी टाळ छातीशी धरून दारात लोंबकळतायत. एका मावशींनी आईला न विचारताच हात धरून आत ओढलं आणि जागा दिली. मी अंजनेरीपर्यंत एका पायावर.

शेजारच्या घरातले सगळे प्रयागराजला गेलेत, महाकुंभाला. आईला वाटेत विचारलं, तुलाही जायचंय का? तर म्हणाली, "एवढ्या लांब कशाला? 2027 ला आपल्याकडे येतोच आहे की." कुंभमेळ्याबद्दल नाशिककराची भावना एवढीच असते. तो येणार, रस्ते खोदले जाणार, पाहुणे राहायला येणार. आपण कुठे जायचं नाही.

माझ्या श्रद्धेचं म्हणाल तर ती आईच्या श्रद्धेवर जगते. उपवास करतो, कारण घरात त्या दिवशी दुसरं काही शिजतच नाही. हरिपाठ येतो, कारण लहानपणी रोज संध्याकाळी कानावर पडला. पण रांगेत उभा राहिलो की डोक्यात लॉट येतो, होनिंगचा खर्च येतो, पोरीची फी येते. निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले ते याच ब्रह्मगिरीच्या गुहेत, वाघाच्या भीतीने वाट चुकली तेव्हा. मग धाकट्या भावाला त्यांनीच शिकवलं आणि स्वतः मागे राहिले. मला ज्ञानेश्वरांपेक्षा हे मागे राहणं जास्त जवळचं वाटतं. घरातल्या थोरल्यालाच ते कळावं. मीही थोरलाच आहे.

रांग गल्लीत वळून वळून चालली होती. बाजूला एक दिंडी थांबून अभंग म्हणत होती. पखवाजवाला जेमतेम पंधरा वर्षांचा पोरगा, बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि तरीही त्याचा ठेका इतका पक्का की रांगेतली माणसं पायाने ताल धरत होती. अशा वेळी मनातला लॉट जातो. फार वेळ नाही, पण जातो.

तेवढ्यात पुढच्या माणसाचा मोबाइल वाजला. त्याने बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "मुंबई हरली!"

रणजीतच, मुंबईतल्या बीकेसीच्या मैदानावर, जम्मू-काश्मीरकडून, पाच विकेटनी. तेही रोहित शर्मा खेळत असताना. मी समाधीच्या रांगेत, कपाळावर बुक्का, हातात तुळशीची माळ, आणि चेहऱ्यावर जे काही आलं ते आईने पाहिलं.

"काय झालं रे?"

"काही नाही. चांगली बातमी आहे."

"नाथांची कृपा," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. दर्शनाला डोकं टेकलं तेव्हा मात्र थोडं ओशाळल्यासारखं झालं. एकादशीला असा आनंद धरावा का? आईला विचारलं असतं तर तिने बहुधा विचारलं असतं, मुंबई म्हणजे कोण.

रविवार, 26 जानेवारी

सोसायटीत झेंडावंदन, बुंदीचा लाडू, आणि लगेच मास्तरांच्या गाडीवर मागे बसून नांदूर मध्यमेश्वर.

मास्तर शाळेत शिकवतात आणि रविवारी पक्षी बघतात. मला या नादाला त्यांनीच लावलं. दुर्बीण त्यांची, वही माझी. निफाड ओलांडलं की हवा बदलते. द्राक्षांच्या बागा दोन्ही बाजूंना, आणि गारठा असा की हातमोज्यांतून आत येतो.

गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळातलं धरण. गाळ साचत गेला, पाणी पसरट आणि उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या. धरण म्हणून ही तक्रारीचीच गोष्ट, पण पक्ष्यांना याहून चांगलं काय हवं? रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं.

चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बीण लावली. वारकरी पक्षी शेकड्यांनी, काळे, कपाळावर पांढरा टिळा, पाण्यावर नुसती दाटी. तलवार बदकं. थापट्या चोच पाण्यात घालून नांगरल्यासारखे चाललेले. चित्रबलाक एका पायावर. जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यातून पाय उचलत उचलत. आणि चक्रवाकांची एक जोडी, तिच्याकडे मी सगळ्यात जास्त वेळ बघत राहिलो. विटकरी पिसं ऊन पडलं की पेटल्यासारखी दिसतात. ही मंडळी हिमालयापलीकडून येतात, आणि मी सातपूरहून निफाडला येताना स्वेटरवर जाकीट घालतो.

मास्तरांनी मोजायला शिकवलं ते असं: आधी दहा पक्षी नीट मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं, मग असे किती तुकडे थव्यात बसतात ते बघायचं. दहाचे शंभर करायचे. मग वहीत आकडा.

मला हे सुरुवातीला पटायचंच नाही. आठवडाभर मायक्रॉनवर भांडणारा माणूस मी. "मास्तर, हे अंदाजपंचे झालं," असं म्हणायचो. ते म्हणायचे, "तू तीन माणसांना वेगवेगळं मोजायला लाव, आकडे जवळपास येतात की नाही बघ." येतात खरे. मायक्रोमीटर वेगवेगळ्या हातांनी लावला तरी आकडा तंतोतंत एक येत नाही, तिथेही आम्ही हेच करतो. फक्त तिथे त्याला भारी नाव आहे आणि ऑडिटर त्याची फाइल मागतो.

आज मात्र मोजता मोजता वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी फिरला आणि सगळा थवा उठला. पाण्यावर पाय आपटत धावतात आणि मग उडतात, त्याचा आवाज लांबून येणाऱ्या पावसासारखा. वहीतला आकडा तिथेच अर्धवट राहिला. मास्तर म्हणाले, पुन्हा बसतील. बसलेही, पण दुसरीकडे, आणि तोवर आम्ही भेळभत्ता काढला होता.

खाता खाता मोबाइल बघितला. महाराष्ट्र 439 धावांनी विजयी. बडोद्याचे दोन्ही डाव मिळून जेवढ्या धावा, त्यापेक्षा जास्त आमच्या दुसऱ्या एका डावात. सौरभ नवलेचं शतक. मी उठून उभाच राहिलो. मास्तरांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, त्यांनी दुर्बीण उचलून विचारलं, "काय दिसलं?"

यंदाही बाद फेरी अवघडच आहे, गणित मला कळतं. पण 439 म्हणजे 439.

सोमवार, 27 जानेवारी

आजपासून फर्स्ट शिफ्ट. साडेपाचचा गजर, अंधार, किक मारून मारून सुरू झालेली गाडी.

लॉटचं होनिंग अर्धं झालंय. मी सुचवलं की जॉब मशीनवरून काढला की वीस मिनिटं सरफेस प्लेटवर ठेवायचा, गेज ज्यावर सेट करतो त्या मास्टर रिंगशेजारीच, म्हणजे दोघं एकाच तापमानाला येतील, आणि मगच रीडिंग घ्यायचं. सुपरवायझर म्हणाला, वीस मिनिटांत चार पीस निघतात, ते चुकले तर कोणाच्या नावावर टाकू? ऑपरेटर म्हणाला, मग मी मशीनचं सेटिंगच, ऑफसेट, सहा मायक्रॉनने वर धरतो. मी म्हटलं, मार्चमध्ये काय करशील? शेठ आले, दोघांचं ऐकलं, आणि ठरलं की पहिले पाच पीस निववून मोजायचे, त्यावरून दिवसाचा फरक काढायचा, बाकीचे त्या हिशेबाने. हे काही शास्त्रशुद्ध नाही, पण दुपारपर्यंत गो गेज प्रत्येक पीसमध्ये सरसर गेला, आणि नो-गो, म्हणजे भोक जास्त मोठं झालं तरच जाणारा, एकातही नाही.

दहाच्या चहाला टपरीवर मुद्दाम लवकर गेलो. कटिंग संपलं, दुसरं घेतलं. स्टोअरचा कल्याणवाला आला नाही. त्याच्या हाताखालच्या पोराला विचारलं तर म्हणाला, "सर, ते म्हणाले आज चहा बंद केलाय. ॲसिडिटी झालीये."