लोहगाव ते तेजपूर: बिऱ्हाड हलवताना शेवटचे १८० किलोमीटर

पुणे ते आसाममधलं तेजपूर रस्त्याने साधारण २,८०० किलोमीटर. त्यातले पहिले २,६०० सामान मुकाट्याने पार करतं. खिसा कापला जातो तो गुवाहाटीच्या गोदामापासून हवाई तळाच्या गेटपर्यंत. हवाई दलात सुखोई विमानांवर काम करणाऱ्याच्या नशिबात लोहगाव, तेजपूर, चाबुआ, बरेली, हलवारा, जोधपूर या तळांपैकी काहीतरी फिरून फिरून येतंच, त्यामुळे हा मार्ग पुढेही बऱ्याच मराठी घरांच्या वाट्याला येणार आहे. क्लिअरन्स (जुन्या ठिकाणची देणी-घेणी मिटल्याचा दाखला), मूव्हमेंट ऑर्डर (बदलीचा लेखी हुकूम), डीटीएसवरची (संरक्षण दलांच्या तिकीट प्रणालीवरची) तिकिटं हे युनिटमध्ये समजतंच. पॅकर्सवाल्यांचं मात्र कोणी नीट सांगत नाही.

'डोअर टू डोअर' या शब्दावर भाळू नका. पुण्यात घरी येऊन खोल्या बघून जाणारा माणूस स्वस्त भाव देतो तो शेअरिंग लोडचा. म्हणजे तुमचं सामान मोठ्या कंटेनरमध्ये इतर चार-पाच घरांच्या सामानासोबत गुवाहाटीच्या गोदामात जातं, तिथे उतरतं, आणि तेजपूरकडे जाणारा भरणा जमेपर्यंत पडून राहतं. मग स्थानिक छोट्या गाडीत चढतं. या गाडीच्या ड्रायव्हरला तुमचा पुण्यातला सौदा माहीतच नसतो. त्याच्या हातातल्या बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) 'टू पे', म्हणजे भाडं सामान घेणाऱ्याकडून, असं लिहिलेलं असतं, आणि ते वसूल करायला त्याला सांगितलेलं असतं. पुण्याच्या कंपनीने तुमच्या सामानाचं काम मधल्या मधे दुसऱ्या ट्रान्सपोर्टरला विकलेलं असतं, हा त्यातला खरा खेळ. गाडी तळाबाहेर उभी, मुलं गेस्ट रूममध्ये, आणि फोनवर आवाज: 'साहब, हमको तो पार्टी ने इतना ही बोला है.' आमच्याकडे ठरलेल्या रकमेवर अठरा हजार मागितले होते: लेबर, हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचं भाडं), ई-वे बिलाचा (माल वाहतुकीच्या जीएसटी परवान्याचा) दंड आणि 'गाडी बदली'चे.

यातला ई-वे बिलाचा दंड ही शुद्ध थाप आहे. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. जीएसटीच्या नियम १३८ च्या जोडपत्रात ती सूट स्पष्ट दिलेली आहे. त्या पानाचा प्रिंट आणि सामानाच्या यादीवर 'वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही' असा शेरा मारून सही केलेली प्रत ड्रायव्हरकडे द्या. एवढ्याने तो मुद्दा मिटतो.

हॉल्टिंगचा मुद्दा मात्र निम्मा खरा असतो. तळावर परकी गाडी अशीच घुसत नाही. गाडीचा नंबर, ड्रायव्हर आणि हमालांची आधार ओळख, गाडीची कागदपत्रं हे सगळं आधी देऊन पास करावा लागतो, आणि अंधार पडल्यावर कोणी आत घेत नाही. तिकडे डिसेंबरात साडेचारलाच अंधारायला लागतं, हे पुण्याच्या घड्याळाने चालणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. गाडी गुवाहाटीहून पहाटे निघाली तर दुपारपर्यंत गेटवर येते, दुपारी निघाली तर रात्रभर बाहेर उभी राहते आणि मीटर पडतो. म्हणून शेवटच्या गाडीचा नंबर निदान एक दिवस आधी मिळालाच पाहिजे, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. नंबर उशिरा दिला तर हॉल्टिंग कंपनीचं, हेही त्यातच.

आता उपाय. शेअरिंग घेऊ नका. महाग पडलं तरी पूर्ण गाडी घ्या, किंवा त्याच पोस्टिंग लिस्टमध्ये तेजपूरला निघालेलं दुसरं कुटुंब शोधा आणि दोघांत एक १९ फुटी गाडी करा. बिल्टी मात्र दोन वेगळ्या बनवा, नाहीतर क्लेमच्या वेळी दोघेही लटकता. दोन खोल्यांचं बेताचं बिऱ्हाड (कपाट, डबल बेड, फ्रिज, वॉशिंग मशीन, तीसेक खोकी) १४ फुटी गाडीत बसतं. तिचा हौदा १४ बाय ६ बाय ६ धरला तर ५०० घनफुटांच्या आसपास जागा मिळते. बुलेट किंवा स्कूटर न्यायची असेल तर १७ फुटी. सर्व्हे करणारा १९ फुटीचा आग्रह धरू लागला तर त्याला प्रत्येक वस्तूचे घनफूट कागदावर लिहून मागा. तिथेच आकडा खाली येतो.

कोटेशनवर या ओळी पाहिजेतच: गाडी मध्ये बदलणार नाही, भाडं 'पेड', 'टू पे' नाही, उतरवणं, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवणं आणि खोकी उघडणं धरून, टोल आणि जीएसटी धरून. पैसे तीन टप्प्यांत द्या, पैकी मोठा हप्ता सामान घरात आल्यावर. सगळी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कंपनीचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, नाव जुळलं पाहिजे. बिल्टीवरचा गाडीचा नंबरही वाहन ॲपवर टाकून बघा. तो खरंच मालवाहू ट्रकचा आहे की कुणाच्या स्कूटरचा, हे लगेच कळतं. पुढे सामानाच्या खर्चाचं बिल तपासताना ऑडिटवालेही हेच करतात.

मूव्हमेंट ऑर्डरची प्रत पॅकर्सना देऊ नका. ते मागतात, 'डिफेन्स डिस्काउंट'चं गाजर दाखवतात, पण त्यांना तिची काही गरज नसते. नाव, फोन आणि 'तेजपूर' एवढं पुरे. काळ्या ट्रंकांवर जुन्या सवयीने सर्व्हिस नंबर, रँक, युनिट असं पांढऱ्या रंगात रंगवलेलं असतं, ते काळ्या रंगाने पुसा आणि नुसतं आडनाव आणि १/३४, २/३४ असे आकडे घाला. चिकटवलेली लेबलं पुण्यातून निघताना छान दिसतात, पण दमट हवेत आणि हमालांच्या हातात निघून जातात. स्केचपेन नको, ऑइलपेंटच.

विमा हा आणखी एक चकवा. 'ट्रान्झिट इन्शुरन्स' म्हणून पैसे घेतात आणि बिलावर 'रिस्क कव्हरेज' किंवा 'एफओव्ही' (फ्रेट ऑन व्हॅल्यू, मालाच्या किमतीवरचा आकार) लिहितात. हा विमा नव्हे, कंपनीची तोंडी हमी आहे. विमा कंपनीची पॉलिसी, तिच्यावर तुमचं नाव आणि घोषित किमतींची यादी हातात आली तरच पैसे द्या. आणि खोकी उतरवताना फुटलेलं दिसलं तर बिल्टीच्या प्रतीवर तिथल्या तिथे शेरा लिहून ड्रायव्हरची सही घ्या. 'सामान सुस्थितीत मिळालं' या छापील ओळीखाली सही केलीत की क्लेम मेला.

काय नेऊ नये, ते आधी. पार्टिकल बोर्डाचं फर्निचर पुण्यातच विका. आसामच्या दमटपणात ते फुगतं आणि स्क्रू धरत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी पडली की ॲसिड सांडतं, तीही विका. गॅसचा सिलिंडर ट्रकमध्ये घालायचाच नाही: एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, डिपॉझिट परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर सांभाळा. तेजपूरला तेच दाखवून चालू दराने डिपॉझिट भरून नवं कनेक्शन मिळतं. जुन्या क्वार्टरमध्ये पाइपचा गॅस होता त्यांनी शेवटचं बिल भरून ते खातं बंद केल्याची पावती घ्यावी, क्लिअरन्सला लागते.

वॉशिंग मशीन पुढून उघडणारं असेल तर त्याचे ट्रान्झिट बोल्ट शोधा. मशीन बसवताना मेकॅनिकने मागच्या बाजूचे तीन-चार लांब बोल्ट काढून पिशवीत दिलेले असतात, आणि ती पिशवी बहुतेक घरांत हरवलेली असते. बोल्ट न लावता मशीन २,८०० किलोमीटर हादरत गेलं की ड्रमचे सस्पेन्शन जातात. वरून एक ओरखडा दिसत नाही, पण पहिल्याच स्पिनला मशीन खोलीभर चालायला लागतं. बोल्ट नसतील तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून आणवा, थर्मोकोल कोंबून भागत नाही. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा, उभाच न्या. गाडीतून उतरल्यावर लगेच चालू करू नका, चार-पाच तास उभा राहू दे. आणि तिकडे त्याला स्टॅबिलायझर लावाच, व्होल्टेज खालीवर होतं.

आपल्याबरोबर प्रवासात काय, यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कामाख्या-गुवाहाटीकडे जाणारी गाडी दोन रात्रींहून जास्त घेते, प्रवास कंटाळवाणा पण सोपा. जून ते सप्टेंबरमध्ये न्यू जलपाईगुडीच्या पुढे पुरामुळे रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग २७ दोन्ही अडकू शकतात, तेव्हा सामान त्या महिन्यांत अजिबात पाठवू नका. शाळेमुळे पाठवावंच लागलं तर प्रत्येक खोक्याच्या आत प्लास्टिकचं अस्तर घाला. गुवाहाटीहून तेजपूरला टॅक्सी तळावरच्या ओळखीतून आधी सांगून ठेवा. स्टेशनबाहेर लहान मुलं आणि सहा बॅगा बघून जो भाव सांगतात तो ऐकून घाम फुटतो. बरोबरच्या बॅगेत इंडक्शन शेगडी, एक कुकर, बादली-मग, मच्छरदाण्या आणि दोन आठवड्यांची औषधं असू द्या, कारण ट्रक तुमच्या आधी पोहोचत नाही. गोडा मसाला आणि आमसुलं न्या. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांपुरतंच, त्यापुढे त्याला जाळं लागतं.

क्वार्टर ताब्यात घेताना, म्हणजे मार्चिंग इनला, घाई करू नका. एमईएसचा (क्वार्टरची देखभाल करणाऱ्या लष्करी अभियंता सेवेचा) माणूस इन्व्हेंटरीचा कागद पुढे करतो आणि सही मागतो. त्याला थांबवा. प्रत्येक पंखा सगळ्या वेगांवर फिरवा, गीझर दहा मिनिटं लावून पाणी खरंच तापतं का बघा, फ्लश दोनदा ओढा, खिडक्यांच्या जाळ्या आणि कड्या मोजा, मीटरचं रीडिंग लिहा, भिंतीवरच्या ओलीचा तारखेसह फोटो काढा. इन्व्हेंटरीत 'चांगल्या स्थितीत' लिहिलेलं आणि प्रत्यक्षात तुटलेलं असेल तर कागदावर शेरा पाहिजेच, कारण मार्चिंग आउटला त्याच कागदावरून तुमच्याकडून वसुली होते. मागच्या माणसाने तोडलेल्या सिंकचे पैसे भरणारे पुष्कळ आहेत.

तिथल्या पाण्यात लोह जास्त. पांढऱ्या कपड्यांवर पिवळट डाग पडतात, आरओचा मेंब्रेन लवकर गच्च होतो. आरओच्या आधी जाडा सेडिमेंट फिल्टर लावा आणि त्याची दोन कार्ट्रिज जादा न्या. कपाटात कमी वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवणं ही तिकडची जुनी पद्धत आहे, ती पाळा. पैठणी आणि चामड्याच्या बुटांवर पावसाळ्यात बुरशी दिसायला आठवडा पुरतो. उंच कपाटं भिंतीला पट्टीने आवळा. आसाम भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात येतो आणि २८ एप्रिल २०२१ चा ६.४ तीव्रतेचा भूकंप याच सोनितपूर जिल्ह्यात झाला होता. मुलांच्या लसीच्या कार्डात जपानी मेंदूज्वराची लस आहे का बघा. नसेल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. मोठ्या दुखण्याला तेजपूरचं १५५ बेस हॉस्पिटल आहे, मेडिकल डॉक्युमेंट्स ट्रकमध्ये टाकू नका.

शाळेचं: मूल आधीच केंद्रीय विद्यालयात असेल तर बदलीच्या आधारावर केव्हीतून केव्हीत प्रवेश मिळतो, काळजी नाही. राज्य मंडळातून जाणाऱ्यांना रजिस्ट्रेशन, जागा आणि नववीला प्रवेश परीक्षा हे सगळं आहे. दहावी किंवा बारावीत मूल असेल तर नेऊच नका. सीबीएसई या इयत्तांत थेट प्रवेश फक्त बदलीसारख्या कारणाने आणि मंजुरी घेऊनच देते, विषय जुळावे लागतात, आणि मराठीच्या जागी मध्येच दुसरी भाषा घेणं मुलावर अन्याय आहे. जुन्या स्टेशनचं क्वार्टर सत्र संपेपर्यंत ठेवण्याचा अर्ज वेळेत टाका.

पैशांचं गणित थोडक्यात: मूळ वेतनाच्या ८० टक्के कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट (बदलीचं एकरकमी अनुदान) मिळते, सामानाचा खर्च त्याहून वेगळा, आणि तो पे लेव्हलच्या मर्यादेत जे खरं बिल असेल तेवढाच. बिल, बिल्टी, पैसे बँकेतून दिल्याचा पुरावा आणि वजनकाट्याच्या रिकाम्या-भरल्या दोन्ही पावत्या एकत्र जोडा. पुण्यातले काही पॅकर्स 'सामान नेऊ नका, बिल आम्ही देतो' असं सरळ सांगतात. त्यात नोकरी जाते.

कार स्वतः चालवत नेण्याचा उत्साह असेल तर गाडी चालवणारा दुसरा माणूस बरोबर घ्या, सिलिगुडीनंतर एकट्याने ओढायचं नाही. नोंदणीचं बघा: एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथली नोंदणी घ्यावी लागते. बीएच (भारत) मालिकेचा, देशभर चालणारा नंबर असेल तर हे झंझट नाही, आणि लष्करी माणसाला तो मिळतो. एमएच १२ च्या गाड्यांनी मात्र पुणे आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी निघण्याआधीच घ्यावी. कर्ज असेल तर बँकेचं पत्र जोडा आणि जुनी ई-चलनं आधी भरा, एक जरी बाकी असेल तरी अर्ज अडतो. आसामचा नंबर पडल्यावर उरलेल्या वर्षांचा रोड टॅक्स महाराष्ट्राकडून परत मागता येतो. त्यासाठी मूळ टॅक्स पावतीची प्रत पुण्यात असतानाच काढून ठेवा.